थांबण्याची जागा

एकदा एका वृद्ध गायिकेने भरल्या सभागृहात स्वतःचेच गाणे मोडून म्हटले. गाणे तिनेच लिहिलेले, चाल तिनेच लावलेली, आणि बेचाळीस वर्षे ते गातही तीच आली होती. तेव्हा ती चुकली असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. तरीही सगळ्यांना तसेच वाटले, आणि सर्वांत जास्त वाटले ते तिच्या शिष्येला.

गायिकेला सगळे बाई म्हणत. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या गाण्यांत एक गाणे असे होते की ते झाल्यावाचून श्रोते त्यांना उठू देत नसत. त्याचा मुखडा होता, ‘दाराशी आले सुख, त्याला आत घेऊ काय?’ यातल्या ‘त्याला’ या शब्दावर बाई थांबत. डावा हात कमरेशी जाई, श्वास अडखळे, चार मात्रा नुसत्या तबल्यावर निघून जात, आणि मग हलकेच ‘आत घेऊ काय’ येई. त्या चार मात्रांसाठी लोक दूरदुरून येत. जन्मभर सोसलेल्या स्त्रीला सुखाचीही भीती वाटते, ती भीती या थांबण्यात आहे, असे जाणकारांनी लिहून ठेवले होते. एका प्राध्यापकांनी तर त्यावर तासभर व्याख्यान दिले होते. चार मात्रांवर तासभर बोलणे, हीदेखील साधनाच म्हणायची!

शिष्या अकरा वर्षे बाईंकडे शिकत होती. मुलगी गुणी, मेहनती, आणि बाईंवर जीव टाकणारी. बाईंचे प्रत्येक गाणे तिने जसेच्या तसे उचलले होते. ‘त्याला’वर तीही चार मात्रा थांबायची, तिचाही श्वास अडखळायचा, आणि तिचाही डावा हात कमरेला जायचा. आरशासमोर बसून तिने ते घटवले होते.

त्या संध्याकाळी एका तालुक्याच्या गावी बाईंचा कार्यक्रम होता. तिथला एक तांदळाचा व्यापारी आईच्या स्मरणार्थ दरवर्षी तो ठेवत असे. पूर्वार्धात बाई गाणार, मागे तंबोऱ्यावर आणि गाण्याच्या साथीला शिष्या; आणि मध्यंतरानंतर शिष्या एकटी गाणार, असे ठरले होते. एकटीने सभेसमोर बसण्याची तिची ही पहिलीच वेळ. तिला सकाळपासून घास गेला नव्हता.

पूर्वार्ध रंगला. शेवटी बाईंनी ते गाणे घेतले, आणि सभागृह सावरून बसले. ‘दाराशी आले’ म्हणून बाई मध्येच थांबल्या, श्वास घेतला. ‘सुख’ म्हटले, पुन्हा थांबल्या. आणि ‘त्याला आत’ मात्र सलग म्हणून गेल्या, जणू तिथे काही नव्हतेच. ‘घेऊ काय’च्या आधी आणखी एकदा श्वास. ओळीचे तुकडे झाले. तबलजीने चमकून वर पाहिले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ‘वाहवा’साठी उचललेला हात तसाच खाली घेतला.

शिष्येला वाटले, बाई थकल्या, विसरल्या, संपले सगळे. मुखडा पुन्हा आला तेव्हा तिला राहवले नाही. तिने मागून आवाज मोठा केला आणि ‘त्याला’वर त्या प्रसिद्ध जागी बरोबर चार मात्रा थांबून ओळ पुरी केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी मान किंचित वळवून तिच्याकडे पाहिले आणि गाणे आवरते घेतले.

मध्यंतरात व्यापारी लगबगीने आत आला. माणूस भला होता. शिष्येला म्हणाला, “ताई, आज तुम्ही लाज राखलीत. मी डोळे मिटून ऐकत होतो, बाई कुठल्या आणि तुम्ही कुठल्या, कळेना! आता आम्हाला पुढची काळजी नाही. पुढच्या वर्षी तुम्हीच यायचं. बाईंची गाणी, अगदी बाईंसारखी.” मग आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येऊन तो चहाचे बघतो म्हणत निघून गेला.

बाईंनी शिष्येला विचारले, “आवडलं ना तुला, ते म्हणाले ते?”

शिष्या खोटे बोलणारी नव्हती. “आवडलं,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “पण बाई, मी तुमच्यावर आवाज चढवला. मला माफ करा. तुमची जागा चुकली, मला बघवेना. बरं वाटत नाही का तुम्हाला?”

“मला काय धाड भरलीय! छान आहे मी,” बाई हसून म्हणाल्या. “बस अशी. एक सांग, तुझ्या कमरेला काय झालंय?”

“कमरेला? काही नाही.”

“मग हात का लावतेस?”

शिष्या गोंधळली. “तुम्ही लावता म्हणून.”

“आणि मी का लावते, ते अकरा वर्षांत एकदा तरी विचारलंस?” बाईंनी पदर सावरला. “हे गाणं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला आठवा महिना होता. ध्वनिमुद्रण होतं, सकाळपासून ताटकळत ठेवलं होतं, पाय सुजलेले. ‘त्याला’ म्हटलं आणि कार्टीनं आतून अशी लाथ मारली की माझा दमच गेला. हात कमरेला गेला. चार मात्रांनी सावरले आणि ओळ पुरी केली. मी म्हटलं, परत घेऊ या. पण वाजवणाऱ्यांना जेवायला जायचं होतं. राहिलं ते तसंच.”

शिष्येने विचारले, “मग ती भीती... ते सोसणं...”

“ते लिहिणाऱ्यांचं. लाथ मारणारी आता बँकेत साहेब आहे, आणि तिला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही.” बाई पुन्हा हसल्या, मग थोड्या गंभीर झाल्या. “पुढे दम परत आला, तरी मी तिथे थांबत राहिले. एक तर लोक वाट बघायचे. आणि खरं सांगायचं तर तिथे पोचले की मला ती लाथ आठवायची. बरं वाटायचं. आठवण माझी होती, म्हणून माझ्या तोंडी ते खोटं नव्हतं. तू थांबतेस, तेव्हा तुला काय आठवतं?”

“तुम्ही आठवता, बाई,” शिष्या म्हणाली.

बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ते मला पोचलं,” त्या म्हणाल्या. “पण अगं, गाण्यात दाराशी सुख येऊन उभं आहे. त्याच्याकडे बघायचं सोडून तू मागे वळून माझ्याकडे बघत बसलीस! आज माझा दम तीनदा तुटतो. जिथे तुटला तिथे मी तुटू दिला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुख आत घ्यायचं म्हणजे असंच, दाराला धरून, बसत-उठत. ती माझी आजची जागा. तुझी कुठली, ते मी कसं सांगू? कदाचित तुला थांबायला लागणारच नाही. शिष्यानं गुरूचं गाणं घ्यावं, गुरूचा दमा घेऊ नये.”

तिसरी घंटा झाली. शिष्या उठली. बाई म्हणाल्या, “पहिलं गाणं हेच घे.”

“हेच? आत्ताच तर झालं! लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. त्यांनी माझं ऐकलं.”

बाई मागे तंबोऱ्यावर बसल्या नाहीत. त्या खाली येऊन व्यापाऱ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या. शिष्येने मुखडा उचलला. ‘दाराशी आले सुख’ झाले, ‘त्याला’ आले, आणि तिचा डावा हात सवयीने मांडीवरून उठला. तिथेच ती पेचात पडली असावी. पण ती सत्तावीस वर्षांची होती, छातीत दम मावत नव्हता, आणि थांबण्यासारखे तिला खरोखरच काही सापडले नाही. ओळ न थांबता शेवटपर्यंत गेली. तरीही दम उरला, म्हणून तिने त्याच श्वासात ‘आत घेऊ काय’ पुन्हा म्हटले, आणि म्हणता म्हणता तिला हसू आले. ज्या ओळीत बेचाळीस वर्षे भीती ऐकू येत होती, तिथे दार उघडायला धावत निघालेली एक मुलगी ऐकू आली.

टाळ्या पडल्या नाहीत. लोकांची टाळ्यांची जागाच निघून गेली होती. पुढच्या रांगेतले ते गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “खाल्ली! जागा खाल्ली हो पोरीने!” काही जण मात्र कधी हसू लागले ते त्यांचे त्यांनाही कळले नाही.

व्यापारी अस्वस्थ झाला. बाईंकडे झुकून त्याने हळूच विचारले, “बाई, चुकली का हो ही? कसं झालं हे?”

“मला काय विचारता?” बाई म्हणाल्या. “मी तरी हे गाणं कुठे ऐकलंय याआधी?”

आणि त्यांनी त्याला बोटानेच गप्प राहण्याची खूण केली, कारण अंतरा सुरू झाला होता आणि पुढे काय होते ते त्यांना ऐकायचे होते.