द्वारकाबाईंची चुकीची यादी

"परवा पाचच्या आत बाराही प्राध्यापकांनी निवडलेली ई-पुस्तकं मला कळली पाहिजेत. ज्याच्या त्याच्या अक्षरात, सहीनिशी! नाहीतर पुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशात कॉलेजची कमान बांधतो!" संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब कडाडले.

समोर उभ्या होत्या ग्रंथालयातल्या शिपाई द्वारकाबाई. ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून सगळा कारभार त्यांच्याच गळ्यात. एकेका फाटक्या पुस्तकासाठी मुलं दहा-दहा दिवस ताटकळायची, ते पाहून बाईंचा जीव तुटायचा. ही पुस्तकं आली तर प्रत्येकाच्या मोबाइलवर उघडणार होती. पण प्राध्यापक हलतील तर ना! तीन परिपत्रकं निघाली, उत्तर एकच : "तुम्हीच घाला काहीतरी!"

बरं! द्वारकाबाईंनी खरंच घातलं काहीतरी. बारा विषयांच्या बारा याद्या करून त्या स्टाफरूममध्ये चहाच्या कपांशेजारी ठेवल्या. वर ठळक लिहिलं, 'अंतिम यादी. कुणी काही लिहू नये.'

दहा मिनिटांत रसायनशास्त्राचे हुद्दार सर ओरडले, "अहो, पदवीच्या मुलांना आठवीचं विज्ञान? कुणी ठरवलं हे?"

"मीच, सर. तुम्हीच म्हणालात ना!"

"आणि इतिहासात लोणच्यांची पुस्तकं?" देशमाने मॅडमचा चष्माच घसरला.

"असू द्या हो, मॅडम. तुम्ही कशाला त्रास घेता?"

त्रास? बारा लाल पेनं बाहेर आली! काटाकाट झाली, समासात योग्य पुस्तकांची नावं पडली आणि पेपर तपासायच्या सवयीने खाली सह्याही झाल्या. हुद्दार सरांनी तर 'दहापैकी शून्य' असा शेरा मारला.

आबासाहेबांनी सगळे कागद पाहिले, किस्सा ऐकला. "कमाल आहे! पण ही मास्तर मंडळी भोळीच. मला नसतं असं कुणी गंडवलं!"

"छे! तुम्हाला कोण गंडवणार, साहेब? फक्त ही तेरावी, शेतीची यादी बघता का? तिला आपल्याकडे प्राध्यापकच नाही. द्राक्षबागेसाठी मी भातशेतीचं पुस्तक घातलंय."

आबासाहेब म्हणजे तालुक्यातले नावाजलेले द्राक्ष बागायतदार!

"भातशेती? द्राक्षाला? अहो, बाग कुजवायचीय का? आणा इकडे!" त्यांनी कागद ओढला, काट मारली, छाटणीवरची तीन पुस्तकं लिहिली आणि खाली झोकदार सही केली.

मग हातातल्या पेनाकडे पाहिलं. द्वारकाबाईंकडे पाहिलं.

"तेरा सह्या झाल्या, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "मागवू ना पुस्तकं?"

आबासाहेब पोट धरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "मागवा, मागवा! आणि ग्रंथालय समितीत आजपासून तुमची खुर्ची. माझ्या शेजारी नको हं, जरा लांब टाका!"