पोथीसमोरचा पंखा

"काल पोथी वाचताना मी डोळे मिटले, तर एवढा गहजब कशाला, बाबा?"

हेमांगी उभ्या उभ्याच विचारत होती. नाथबाबा मठाच्या ओट्यावर सूप घेऊन शेंगा निवडत बसले होते. बस म्हणाले, तरी ती बसली नाही.

प्रवरेच्या काठचा तो लहानसा मठ. तिथं रोज संध्याकाळी पोथीचा अध्याय हेमांगी वाकचौरे वाचायची. शाळेत मराठी शिकवणारी बाई. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. काही वर्षांपासून तिला आमवातानं धरलं होतं. सकाळी बोटं वळत नाहीत, जिना चढताना गुडघे रडवतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लंगडणं लोकांना दिसतं. डोळ्यांचं कुणाला कळलं नव्हतं.

"ही सूज सांध्यांपुरती राहत नाही," डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. "हा आजार डोळ्यांतलं पाणीसुद्धा आटवतो. डोळे मधूनमधून मिटत जा, थेंब जवळ ठेवा, आणि वाऱ्यात बसू नका."

वाऱ्यात बसू नका म्हणे! व्यासपीठावर, अगदी तिच्या तोंडासमोर, आबासाहेब धुमाळांनी मठाला दिलेला पंखा उभा. दांड्यावर त्यांच्या वडिलांचं नाव रंगवलेलं. पोथी सुरू झाली की पंखा सुरू, मग बाहेर थंडी का पडलेली असेना. देणगीचा पंखा बंद करायची कुणाची छाती होती?

"कसला गहजब?" बाबांनी विचारलं.

"आबासाहेब भर सभेत म्हणाले, बाईंना डुलकी लागली. पोथी म्हणे डोळ्यांत तेल घालून वाचायची असते. यांना तेल चालतं! मी औषधाची बाटली काढली, तर व्यासपीठावर असलं काही नको."

"हं."

"तो अध्याय मला पाठ आहे. मिटल्या डोळ्यांनी म्हटला. एक अक्षर तरी चुकलं का?"

"नाही."

"आणि दुसरीकडे त्या बायका. बाईंची समाधी लागली म्हणून माझ्या पाया पडल्या! एकाला वाटतं मी झोपले, दुसरीला वाटतं मी देवाला भेटून आले. अहो, माझे डोळे जळत होते. बाकी काही नाही."

बाबा शेंगा निवडत राहिले. हेमांगीला तेवढी मुभा पुरेशी होती.

"घरी जावं तर तिथं वैद्यांची रांग. कुणी तुपाची वाटी घेऊन येतं, कुणी मध. कुणी म्हणतं मोबाईल बघणं कमी कर. आणि वर म्हणतात, डोळे तर छान दिसतायत की! यांना दिसायला छान हवेत. मला त्या डोळ्यांनी बघायचंय."

बाबांनी सूप बाजूला सरकवलं. घसा खाकरला.

"एका गावात एक आंधळा कुंभार होता..."

"नको!"

ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

"दृष्टांत नको, बाबा. काल तुम्हीही माझा दृष्टांत केलात. मिटलेल्या डोळ्यांना जास्त दिसतं, म्हणालात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काहीही दिसत नव्हतं. अंधार होता, आणि त्या अंधारात जरा बरं वाटत होतं."

मठात बाबांशी या सुरात कुणी बोललं नव्हतं. बाबांच्या हातात एक शेंग होती. ती त्यांनी फोडली नाही, टाकलीही नाही.

...

"कसं होतं तुला?" त्यांनी विचारलं.

हेमांगीनं तोंड उघडलं आणि ती अडखळली. उपाय सगळ्यांनी सांगितले होते. हे कुणी विचारलं नव्हतं.

"सकाळी पापण्या आत चिकटलेल्या असतात," ती हळूहळू सांगू लागली. "उघडताना सालपट निघाल्यासारखं होतं. दुपारी नुसती वाळू. फळा धूसर होतो. पापणी लववली की घडीभर स्वच्छ, मग पुन्हा धूसर. मी थकायच्या आधी माझे डोळे थकतात, बाबा. मुलांच्या वह्या समोर असतात आणि मी गरम फडकं डोळ्यांवर घेऊन पडलेली असते."

तिनं मिटलेल्या पापण्यांवर तळवा ठेवला.

"भाऊ गेला तेव्हा मी रडत होते. पण डोळ्यांत टिपूस नाही. तेव्हाही लोक बोललेच. बाई काळजाची कठोर आहे म्हणाले."

बाबांनी शेंग खाली ठेवली.

"पंखा बंद करा, असं कधी म्हणालीस?"

"मी का म्हणू?" ती पुन्हा भडकली. "इतके दिवस त्या वाऱ्यात बसते. समोर एवढी माणसं, धडधाकट डोळ्यांची. त्यातल्या एकालाही दिसू नये?"

...

"नाही दिसलं," बाबा म्हणाले. "मलाही नाही."

भांडायच्या तयारीनं आलेली हेमांगी ओट्याच्या कडेला टेकली. तेवढ्यात बाबा म्हणाले,

"आज तू वाचू नकोस. खाली बस."

ती ताडकन उठली.

"म्हणजे शेवटी आबासाहेबांचंच खरं केलंत!"

आजारानं तिचं पुष्कळ नेलं होतं. खडू धड धरता येत नव्हता, कणीक मळता येत नव्हती. आवाज तेवढा जसाच्या तसा उरला होता, आणि तो वापरायची जागा म्हणजे ही संध्याकाळची पोथी. बाबांनी शेंगा निवडता निवडता तीही काढून घेतली. नमस्कार न करताच ती निघून गेली.

संध्याकाळी ती येणार नव्हती. पण रागानं तिला घरी बसू दिलं नाही. आली आणि सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून बसली.

"आजचा अध्याय आबासाहेब वाचतील," बाबांनी जाहीर केलं.

"छे छे, मी कसला," असं म्हणेपर्यंत आबासाहेब उठून व्यासपीठावर पोचलेसुद्धा होते. त्यांनी उपरणं सारखं केलं, चष्मा पुसून बाजूला ठेवला. वाचायला त्यांना चष्मा लागत नाही, हे ते वरचेवर सांगत असत.

"नजर पोथीवरून हलवायची नाही," बाबा म्हणाले. "डोळे मिटायचे नाहीत. पापणीही लववायची नाही."

"त्यात काय एवढं?"

बाबा स्वतः उठले. त्यांनी पंखा लावला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

पहिली ओवी आबासाहेबांनी झोकात म्हटली. दुसऱ्या ओवीला आवाज खाली आला. डोळे लाल झाले, पण सभा बघत होती, म्हणून ते रेटत राहिले. तिसऱ्या ओवीला गालांवरून पाणी वाहू लागलं, अक्षरं पुसली गेली आणि वाचलेलाच चरण त्यांनी पुन्हा वाचला. कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसेना.

काल पाया पडलेल्या बायकांपैकी एकीनं मान मागे वळवली आणि हेमांगीच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग दुसरीनं. हेमांगीनं नजर खाली घातली नाही. आबासाहेबांची फजिती बघून तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. पण त्याहून जास्त संताप आला. या माणसाच्या दोन-तीन ओव्या सगळ्यांना लगेच पटल्या. ती इतकी वर्षं सोसत होती, ते काय होतं मग?

आबासाहेबांनी डोळे गच्च मिटले. उपरण्यानं खसाखसा चोळले.

"बाबा... आग झाली हो डोळ्यांची. काही दिसेना."

"अध्याय मोठा आहे," बाबा म्हणाले.

"पुढचं... पुढचं बाईंना वाचू द्या. त्यांना सवय आहे."

सवय! हेमांगी खांबाचा आधार घेत उभी राहिली. सगळी सभा तिच्याकडे बघत होती. तिनं पाऊल पुढे टाकलं नाही.

बाबाही तिला ये म्हणाले नाहीत.

"मला काय सांगता, आबासाहेब? त्यांना विचारा," बाबा म्हणाले. "पण आधी उठा, आणि तो पंखा बंद करा."