दुर्गव्वाचा खडक

लई मागची गोष्ट. पाथरवेल गावाला तेव्हा धड वाट नव्हती, पण तिथल्या पाटलाला देऊळ बांधायचं होतं. दगड फोडायला त्यानं वडारांचा तांडा आणला. त्या तांड्यात दुर्गव्वा होती. आदल्या साली एका खाणीत दरड कोसळली आणि तिचं नुकतं चालायला लागलेलं पोर तिच्या डोळ्यांदेखत गेलं. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलायची.

कोरड्या ओढ्यातल्या थोरल्या खडकावरची माती तिनं ओढली, तर खाली पावलं निघाली. सुपाएवढी, तीन बोटांची, पाखराच्या पायांसारखी. आणि त्यांच्या कडेकडेनं तसलीच चिमुकली. दुर्गव्वानं चिमुकल्या पावलात हात ठेवला, तर दगड लेकराच्या अंगासारखा ऊन लागला, असं म्हणतात.

नवरा यल्लप्पा घण घेऊन आला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई चाललीय लेकराला घेऊन. इथं घण नको."

पाटलानं ऐकलं नाही. यल्लप्पानं मान खाली घालून घण उचलला, आणि पहिल्याच घावाला घण दुभंगला, असं म्हणतात. मग दुर्गव्वा त्या पावलांवर आडवी झाली. पाटलानं गडी लावले, पण ती काही हलली नाही. चिडून त्यानं तांडा हाकलला आणि हिला कुणी पाणी द्यायचं नाही, असं गावाला बजावलं. यल्लप्पा तांड्याबरोबर निघून गेला.

चैत्राचं ऊन होतं. विहिरीवरून बाया भरल्या घागरी घेऊन तिच्यासमोरून जात. ती मागायची नाही, नुसती बघायची. एकही घागर कलली नाही.

ती तहानेनं गेली त्या सकाळी खडकातून जड पावलं वाजली. घराघरांतल्या उतरंडी कोसळल्या, देवळाचा पाया उकलला, असं म्हणतात. मायेनं जे सुचलं नाही ते गावाला भ्यानं सुचलं. त्या खडकाला पुन्हा कुणी घण लावला नाही.

आता तिथं सरकारी कुंपण आहे. शिकलेली माणसं येतात, पावलं डायनासोरची आहेत म्हणून सांगतात, जपून मापं घेतात. चैत्रात एक दिवस राखणदार फाटक उघडतो, आणि गावच्या बाया दुर्गव्वाच्या नावानं खडकावर घागरी रित्या करतात. ओघळ पार खालच्या वाळूपर्यंत जातो.

वडार मात्र त्या वाटेनं जाताना पाथरवेलचं पाणी पीत नाहीत. पोर तहानेनं रडायला लागलं, तर त्याला कडेवर घेतात आणि पुढचं गाव गाठतात.