मधली पायरी

“पण बुवा, मधला माणूस हवाच कशाला?”

सौमित्रनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

भिकूबुवा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. फलटणजवळच्या टेकडीवरचा त्यांचा मठ म्हणजे एक खोली, एक चूल आणि खाली रस्त्यापर्यंत साठ पायऱ्या.

सौमित्रशी माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते. नवऱ्याबरोबर कुठंही गेलं की माझं काम ऐकायचं. मीही शेंगा फोडायला घेतल्या.

“आता कंपनी स्वतःच गाडी विकणार. फोनवर बघा, फोनवर घ्या. सगळ्यांना एकच भाव. शोरूमवाला सीट कव्हर गळ्यात मारणार नाही, विमा गळ्यात मारणार नाही.”

“शोरूम तर तुमचंच ना?”

“दादांचं. म्हणून तर मला ठाऊक.”

दादा म्हणजे माझे सासरे. गाडी देताना चारी चाकांखाली लिंबं ते स्वतः ठेवतात. किल्ली देतात ती घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातात. ती यायची असेल, तर अख्खं शोरूम थांबतं.

“आणि गाडी वाटेत बंद पडली तर?”

“कंपनीचा नंबर आहे की.”

“लोक तोच लावतात?”



“मामंजींना लावतात,” मी म्हणून गेले.

बुवांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

“पोरी, तुमचं लग्न कुणी जमवलं?”

“साताऱ्याच्या कुंदामावशींनी.”

“मग येतात-जातात का घरी?”

“नाही. अक्षता पडल्या आणि त्या निघाल्या. जेवायलासुद्धा थांबल्या नाहीत.”

“शहाणी बाई.”



“बुवा, एक काम होतं,” सौमित्र म्हणाला. आवाज खाली आला होता. “त्याच कंपनीत नोकरी लागलीय मला. पुण्याला. सोमवारी हजर व्हायचंय.”

“बापाला माहीत आहे?”

“नाही... तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात ते.”

मी शेंगेकडे बघत राहिले. मला ही बातमी मेसेजवर मिळाली होती. शेजारच्या खोलीतून.

बुवा हसले नाहीत.

“कुठाय तो?”

“खाली, गाडीपाशी. गुडघ्यांमुळं चढवत नाही त्यांना.”

बुवांनी अंगावरची टरफलं झटकली. काठी घेतली. दुसऱ्या हातात सौमित्रचा हात धरला, आणि उतरायला लागले. मी मागोमाग.

खाली मामंजी गाडीची काच पुसत होते. त्यांनी वर पाहिलं. बुवा स्वतः उतरताहेत म्हटल्यावर फडकं बॉनेटवर टाकलं, घाईघाईनं चपला काढल्या आणि तापल्या रस्त्यावर तसेच उभे राहिले.

निम्म्या पायऱ्या झाल्यावर बुवा टेकले. सौमित्रही शेजारी बसायला लागला, तेव्हा त्यांनी त्याचा हात सोडून दिला.

“बुवा, चला ना... तुम्ही सांगणार होतात.”

बुवांनी काठी आडवी मांडीवर ठेवली. खाली मामंजींनी कठड्याला धरून पहिल्या पायरीवर पाय टेकला होता.

“माझं दुकान इथवरच, बाळा. पळ... तो चढायला लागलाय.”