हौसा कासारणीची घट्ट बांगडी

आपल्या गावात वीजही नव्हती आणि डांबरी रस्ताही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. नीट ऐका हं, मधेच उठलात तर मी पुन्हा सांगणार नाही!

तेव्हा वाकोशीत हौसा नावाची कासारीण होती. बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती दारोदार फिरायची, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरही जायची. हात कितीही जाड असो, ती कोपरापर्यंत चुडा भरायची आणि एक बांगडी पिचायची नाही, असं म्हणतात. पण बाई मोठी खट! शेवटची बांगडी मुद्दाम घट्ट निवडायची. ती चढवताना समोरची बाई कळवळून ओरडायची, "आई गं!" तोंड उघडलं की हौसा पटकन आत बघून घ्यायची.

कशाला म्हणून काय विचारता? अहो, मिश्री लावल्याशिवाय तेव्हा बायकांची सकाळच होत नव्हती. तंबाखू भाजायची, कुटायची आणि हिरड्यांवर घासत बसायचं. मग कुणाच्या गालात आतून पांढरा डाग उठायचा, पुढं न भरणारी जखम व्हायची, घास गिळेनासा व्हायचा आणि एक दिवस बाईच जायची. लोक म्हणायचे, देवीचा कोप. हौसाला काही ते पटेना. मिश्री न लावणारीच्या गालात डाग क्वचितच दिसायचा, लावणारींच्या मात्र घरोघरी! तालुक्याच्या डॉक्टरला तिनं जाऊन विचारलं. तो म्हणाला, "डाग लहान असताना आणा, बाई वाचेल." मग काय, हौसा सुटलीच! दिसेल ती मिश्रीची डबी हिसकावून ओढ्यात भिरकावायची. ओढ्यातले मासे शिंकायचे, असं म्हणतात!

एका श्रावणात दोघी सापडल्या. एक चंद्राक्का पाटलीण आणि दुसरी वस्तीवर दगड फोडणारी ठकू. दोघींच्या गालात सारखाच डाग. पाटलांनी लगेच बैलगाडी जुंपली. ठकूला कोण नेणार? तालुका लांब, वाटेत घाट, आणि पलीकडच्या माणसाला अलीकडच्या गाडीत बसू देत नव्हते. हो, असंच होतं आपलं गाव! आजार एकच, पण एकीला दवाखाना आणि दुसरीला अंगारा. आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हौसा ठकूला हाताला धरून धावत आली आणि तिनं आख्खी पाटी गाडीच्या पुढ्यात उपडी केली. हिरव्यागार बांगड्या! पाटीत मावतील त्याहून कितीतरी जास्त. वेशीपासून ओढ्यापर्यंत वाट हिरवी झाली, असं म्हणतात.

"ठकीला घेत नसाल तर चालवा गाडी ह्यांच्यावरून!" हौसा ओरडली.

गाडीवानानं कासरा सोडूनच दिला. सवाष्णीची गाडी हिरव्या चुड्यावरून घालायची कुणाची छाती आहे? पाटील गरजले, "हौसा, बाजूला हो!"

"नाही व्हायची, पाटील. मला पुढच्या श्रावणात दोघींचे हात भरायचेत."

नवऱ्यासमोर कधी तोंड न उघडलेल्या चंद्राक्कानं तेव्हा गाडीचा पडदा वर केला. "माझ्या गालात आहे तेच तिच्या गालात आहे. ठके, ये गं, माझ्याजवळ बस."

ठकू चढली. बैल आपले आपणच निघाले, गाडी बांगड्यांवरून गेली आणि एकसुद्धा पिचली नाही, असं म्हणतात. आणि काय सांगू तुम्हाला, दोघी बऱ्या होऊन परत आल्या! दोघींनी पुढं नातवंडं खेळवली.

म्हणून आजही श्रावणात आपल्याकडं बांगड्या भरताना बाई "आई गं!" म्हणून मोठ्ठा आ करते. बांगडी कितीही सैल असो. नर्सबाई शेजारी बॅटरी घेऊन बसलेल्या असतात. आणि दवाखान्यात न्यायला गाडी येते ना, ती वेशीत थांबत नाही. ती आधी वस्तीवर जाऊन उभी राहते. पाटलांच्या सुना चपला हातात घेतात, ओढा उतरतात आणि पलीकडं जाऊन गाडीत बसतात.