गेनूची छबू आणि टाकीवरचे जाणकार

एका गावात एक भोळा बाप होता. गावाचं नाव विचारू नका. सांगू नका म्हणून गावकऱ्यांनीच हात जोडलेत. बापाचं नाव गेनू.

गेनूला बायको होती शालन आणि पोरगी होती छबू. छबूला नुकता सहावा महिना लागला होता. दात नव्हते, बोलता येत नव्हतं, तरी त्या घरात सगळ्यात शहाणी तीच, असं शेजारीपाजारी म्हणत. गेनूलाही ते पटायचं. पोरीवर त्याचा भारी जीव. ती शिंकली की हा रुमाल घेऊन धावायचा आणि गडबडीत स्वतःचंच नाक पुसायचा.

शालनला एक भाऊ होता, बजरंग. अंगानं काटकुळा, मिशा मात्र भरदार आणि आवाज लाउडस्पीकरचा. दाजीवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. बाळंतपणानंतर बहिणीला सासरी पोचवायला आला, तेव्हाच त्यानं बजावलं होतं, "दाजी, छबूच्या उष्टावणाला मी येणार. पोरीला पहिला घास मामानंच भरवायचा असतो. त्या दिवशी पोरीची आबाळ दिसली, तर मायलेकींना गाडीत बसवून घेऊन जाईन. मग बसा एकटे!"

छबूवाचून घर म्हणजे काय, हे त्याच्यानं मनातसुद्धा आणवेना. त्यानं ठरवलं, काही झालं तरी उष्टावणाच्या आत आपण शहाणा बाप व्हायचं.

शहाणं कसं व्हायचं, ते त्याला बाजारात एकानं सांगितलं. मोबाईलवर 'सुजाण पालकांचा कट्टा' म्हणून एक गट होता. त्यात हजारो माणसं. कुणी कुणाला पाहिलेलं नाही आणि सगळे सगळ्यांना सल्ला देतात. गेनू त्यात शिरला. अडचण एवढीच की गावात रेंज नव्हती. रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीवर. म्हणून काही विचारायचं झालं की गेनू टाकीची लोखंडी शिडी चढायचा, प्रश्न लिहायचा, उत्तर पाठ करायचा आणि पुटपुटत खाली यायचा.

शालन म्हणायची, "अहो, मला विचारा की. मी हितंच तर हाय."

"तू घरातली," गेनू म्हणायचा. "घरातल्या माणसाला काय ठावं असणार?"

एके दिवशी छबू रडायला लागली. रडली ती थांबेना. गेनू टाकीवर पळाला. लिहिलं, "मंडळी, रडणं थांबत नाही. काय करू?"

'जुळ्यांची आई' असं नाव लावणाऱ्या एका बाईंनी लगेच उत्तर दिलं. "काही करू नका. पाठ फिरवून बसा. लक्ष दिलं नाही की आपोआप थांबतं."

पाठ फिरवायची, लक्ष द्यायचं नाही, असं घोकत गेनू घरी आला. बघतो तर छबू शालनच्या खांद्यावर गाढ झोपलेली. एवढा चांगला सल्ला वाया जाणार म्हणून त्याला हळहळ वाटली.

तेवढ्यात गोठ्यात म्हैस ओरडली. तिचा पाय दाव्यात गुंतला होता. शालन म्हणाली, "अहो, म्हशीकडं बघा जरा."

गेनू गोठ्यात गेला, म्हशीकडे पाठ केली आणि बसला. म्हैस आणखी मोठ्यानं ओरडली. गेनू गालातल्या गालात हसला. म्हशीनं हिसके दिले, पाय आपटले, खुंटा हलवला. गेनू ढिम्म. आणि काय सांगायचं, ओरडणं खरंच थांबलं. गेनूनं खुशीत मागं वळून बघितलं, तर नुसता खुंट्याचा खड्डा होता.

म्हैस शेजारच्या शेवंताकाकूंच्या अंगणात पोचली होती. तिथं बाजेवर कुरडया वाळत होत्या. म्हशीनं सगळ्या खाल्ल्या. बाजही चावून बघितली.

गेनू पुन्हा टाकीवर. "मंडळी, ओरडणाऱ्याकडं पाठ केली, तर घोटाळा झाला. काय चुकलं?"

या खेपेला 'अनुभवी आजोबा' धावून आले. "अरेरे! ओरडणाऱ्याकडे पाठ करू नये. छातीशी घट्ट धरावं, पाठीवरून हात फिरवावा आणि म्हणावं, मी आहे ना! पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

"आता न्हाई चुकायचा," गेनू म्हणाला आणि उतरला.

दारात शेवंताकाकू उभ्या होत्या. हातात रिकामं सूप, तोंडानं गेनूच्या सगळ्या खानदानाचा उद्धार चाललेला. गेनूनं एक क्षण दवडला नाही. धावला, काकूंना छातीशी घट्ट धरलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "उगी, उगी. मी हाय ना!"

काकूंचा आवाज बंद झाला. लग्न होऊन या गावात आल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. पण काकूंच्या मागून त्यांचे मालक, आबा, काठी टेकत येत होते. त्यांनी ते बघितलं. मग त्यांनी काठी टेकायची थांबवली आणि दुसऱ्या कामाला घेतली.

पाठ चोळत गेनू शिडी चढला. "मंडळी, ओरडणारीला छातीशी धरलं, तर तिच्या मालकानं बडवलं. काय चुकलं?"

मग 'शांत बाबा' म्हणून एकानं लिहिलं, "दादा, बाईमाणूस समोर आलं की चार हात लांब उभं राहायचं. हात जोडायचे, मान खाली घालायची. ती काहीही बोलली तरी एकच म्हणायचं, चुकलं माझं, परत असं होणार नाही."

"आता न्हाई चुकायचा," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाई छबूला लस टोचायला आल्या. शालन दळण आणायला गिरणीत गेलेली. गेनू टुणकन उठला, चार हात मागं सरला, हात जोडले, मान खाली घातली.

सिस्टरबाईंनी कागद काढला. "या बाळाचे वडील तुम्हीच ना?"

"चुकलं माझं," गेनू म्हणाला. "परत असं होणार न्हाई."

सिस्टरबाईंचं पेन थबकलं. "अहो, पोरगी तुमचीच आहे ना?"

"चुकलं माझं."

"बायकोला ठाऊक आहे का हे?"

"परत असं होणार न्हाई."

सिस्टरबाई ओट्यावर बसल्याच. त्यांनी आजवर नाना तऱ्हेचे बाप बघितले होते, पण असा पस्तावलेला बाप बघितला नव्हता. त्यांनी छबूला लस टोचली. छबूनं भोकाड पसरलं, तेव्हा गेनूनं तिच्यापुढंही हात जोडले.

सिस्टरबाईंची बदली नुकतीच झालेली. राहायला त्या कुठं, तर बजरंगच्या गावात, त्याच्याच आळीत. जे व्हायचं ते झालं. तिसऱ्या दिवशी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर बजरंगचा निरोप आला. रविवारी उष्टावण धरा, मी येतोय, शालनची बॅग भरून ठेवा.

शालन चुलीपुढं बसून रडली. "काय बोललात तुमी त्या बाईला? दादा खरंच न्हेल मला. मला न्हाई जायचं. रविवारचा एक दिवस धड वागा. आन् कुणाला काय विचारू नका."

"न्हाई विचारत," गेनू म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. तेवढ्यात मांडीवरच्या छबूनं त्याचं बोट धरलं आणि ते तोंडात घातलं. गेनूचे डोळे भरून आले. हिच्यासाठी काय वाटेल ते करीन, एक अक्षर विचारणार नाही, असं त्यानं ठरवलं. मग खरंच विचारू नये का, हे विचारायला तो टाकीवर गेला.

'जुळ्यांची आई' चिडल्या. "विचारू नका म्हणणारे वेडे असतात. आणि पाहुण्यांपुढे चुकलं चुकलं काय करता? उलट पोरीचं सगळं सगळं स्वतःहून सांगा. किती पिते, किती झोपते, शी कितीदा होते, रंग कसा, पातळ की घट्ट. बापाला एवढं ठाऊक असलं की सगळे गप्प होतात."

"आता तर न्हाईच चुकायचा," गेनू म्हणाला.

रविवार उजाडला. शालननं पहाटे उठून सारा स्वयंपाक केला. भात, पिवळीधमक कढी, पालकाची पातळ भाजी. छबूच्या उष्टावणासाठी तांदळाची खीर वेगळी काढून ठेवली. मोठ्या माणसांची पंगत आधी बसली. पहिल्या पानावर बजरंग, शेजारी आबा आणि शेवंताकाकू. काठीचं प्रकरण मिटलं होतं. बजरंगला घरात बोट ठेवायला जागा सापडेना. पोरगी गुटगुटीत, घर स्वच्छ. त्यानं कढीचा भुरका मारला आणि म्हणाला, "झकास झालीय."

शालनचा जीव भांड्यात पडला. गेनू कढी वाढत होता. तो बजरंगपुढं वाकला.

"पावणं, आज सकाळची पिवळी होती. हुबेहूब ह्या कढीगत."

"काय पिवळी होती?"

"छबूची. परवा मातर हिरवी झालती. ह्या पालकागत. जराशी पातळ."

बजरंगचा भुरका मधेच राहिला. आबांनी हातातला घास पानात ठेवला.

"आन् मधी मधी," गेनू म्हणाला, "गोळे व्हते."

सगळे गप्प झाले. गेनूनं अभिमानानं शालनकडं बघितलं. शालननं पदर तोंडावर घेतला होता.

बजरंग ताडकन उठला. "शालन! बॅग घे! पोरगी घे! चारच्या गाडीनं निघायचं. उष्टावण तिकडं करू!"

शालन उठली नाही. पंगतीत, चार माणसांत भावाला नाही कसं म्हणायचं? तिनं गेनूकडं बघितलं. जाऊ नको, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. गेनूच्या मनातही तेच होतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण ते म्हणावं का, हे त्यानं अजून कुणाला विचारलं नव्हतं. तो धावत सुटला.

टाकीवर पोचताच त्यानं लिहिलं, "मंडळी, लवकर सांगा. लालेलाल झालंय, पाय आपटतंय, पानावरून उठलंय. घरी जायचं, घरी जायचं म्हणून ओरडतंय. काय करू?"

"घाबरू नका," 'अनुभवी आजोबांनी' लिहिलं. "बाळाला झोप आली आहे. जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळा, झोळीत घाला आणि झोके द्या. जागं झालं की लगेच गोड भरवा. मग पुढ्यात चार वस्तू मांडा, हवी ती उचलू द्या. हट्ट विसरून जाईल."

बाळ? गेनूला जरा नवल वाटलं. मेहुण्याला मिशा होत्या. पण आजोबा अनुभवी होते.

बजरंग दारात एका पायात चप्पल घालत होता. गेनू बाजारात पोती उचलणारा गडी. त्यानं मागून लुगडं टाकलं, गरागरा गुंडाळलं आणि मेहुण्याला उचललं. लुगड्याबाहेर नुसत्या मिशा राहिल्या. आढ्याला छबूची झोळी टांगलेली होती. तिच्यात मिशा घातल्या.

"दाजी, सोडा! दाजी, मी काय म्हनतो..." झोळीतून आवाज आला.

"उगी, उगी," म्हणून गेनूनं झोका दिला आणि गायला लागला,

"मिशीवाला बाळ माझा निजला गं,
तो घरचा रस्ता आता विसरला गं."

बजरंग पहाटेपासून जागा. पोट अर्धवट भरलेलं. झोके एका लयीत. आधी तो ओरडत होता, मग बोलत होता, मग पुटपुटत होता. मग घोरायला लागला. एस.टी. आली, हॉर्न वाजवून वाजवून दमली आणि गेली. खिडकीत सगळी आळी गोळा झाली होती. कुणी खोकलंसुद्धा नाही, बाळ जागं होईल म्हणून.

संध्याकाळी झोळी हलली. गेनू खिरीची वाटी घेऊन तयारच होता. "आ करा," तो म्हणाला. झोपेत माणसाला काय कळतं? बजरंगनं आ केला. गेनूनं खीर भरवली. शेवंताकाकूंना असल्या वेळी गप्प बसवत नाही. त्यांनी सवयीनं अक्षता टाकल्या आणि म्हणाल्या, "झालं बाई उष्टावण!"

मामानं भाचीला भरवायचा घास भाचीच्या बापानं मामाला भरवला होता.

गेनूनं मग झोळीखाली वस्तू मांडल्या. एक पाटी, एक बांगडी, एक खुळखुळा. चौथी काही मिळेना म्हणून दारात पडलेली बजरंगचीच चप्पल. बजरंगला आता पुरती जाग आली होती. त्यानं लुगड्यातून एक हात सोडवला. हात पाटीवरून गेला, बांगडीवरून गेला, खुळखुळ्यावरून गेला आणि त्यानं चप्पल पकडली.

गेनूनं टाळी वाजवली. "शालन, बघ, बघ! मोठेपणी चपलांचं दुकान घालणार!"

इतका वेळ दाबून धरलेलं हसू शालनला फुटलं. हसता हसता ती भरलेल्या बॅगेवरच बसली. तिचं बघून छबूही बोळकं पसरून खिदळायला लागली. "दादा," शालन डोळे पुसत म्हणाली, "तू जा. मी न्हाई यायची. एवढं खुळं माणूस एकटं टाकून आले, तर मला तिकडं अन्न गोड लागायचं न्हाई."

चार माणसांत, भावाच्या तोंडावर, ती हे बोलली. ज्याच्यासाठी बोलली, त्यानं मात्र ऐकलं नाही. बजरंग झोळीतून सुटला होता आणि गेनू पळत होता.

पळून पळून पळणार कुठं? टाकी. गेनू सरसर वर चढला. खाली बजरंग, अंगावर निम्मं लुगडं, हातात चप्पल, शिडीच्या पहिल्या पायरीवर. गेनूनं घाईघाईनं लिहिलं, "आजोबा, उपकार झाले. बाळ झोपलं, उठलं, खीर खाल्ली, चप्पल उचलली. आता शिडी चढून माझ्याकडं येतंय. हे लक्षण बरं का वाईट?"

कट्ट्यावर आनंदीआनंद झाला. अभिनंदनावर अभिनंदन. "एवढ्यात चढायला लागलं? हुशार आहे!" 'जुळ्यांची आई' तर भारावल्या. "आता अजिबात दटावू नका. हात पसरा, टाळ्या वाजवा, नाव घेऊन बोलवा. वर पोचलं की पहिल्यांदा मुका घ्या."

गेनूनं मोबाईल खिशात टाकला. टाकीच्या कडेला गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात पसरले. खाली जमलेल्या सगळ्या गावाला त्याचा आवाज ऐकू आला.

"ये, ये, ये! बजरंग, शाब्बास! एक पाय... आता दुसरा पाय... आलं गं माझं बाळ!"

बजरंग शेवटच्या पायरीवर आला, तेव्हा गेनूनं डोळे मिटले आणि ओठ पुढं केले.