डाव्या कानाचे नागरिक

करवंदीच्या अभयारण्यात घुरघुरसेन नावाचं रानडुक्कर राज्य करत होतं. ते दर पाच वर्षांनी निवडून यायचं, कारण दुसरं कोणी निवडणुकीला उभं राहिलं की त्याचं बीळ अनधिकृत ठरायचं. बाकी सगळे सुखात होते. तसा फलकच वेशीवर लावलेला होता.

एका सकाळी वेशीशी माणसांची गाडी आली. गाडीत चाळीस पिंजरे, पिंजऱ्यांत चाळीस पांढरे ससे. शहरातली एक प्रयोगशाळा बंद झाली होती. जन्मभर सुया टोचून घेतलेल्या या सशांना उरलेलं आयुष्य मोकळ्या हवेत काढता यावं, म्हणून माणसांनी अभयारण्यातला दुर्वांचा माळ त्यांना देऊ केला होता. पिंजऱ्यांची दारं उघडून माणसं निघून गेली.

ससे काही बाहेर येईनात.

राज्याचा प्रधान कोल्हा स्वागताचं भाषण पाठ करून आला होता. "बंधू-भगिनींनो," तो म्हणाला, "तुमच्या पिंजऱ्यांची दारं आज महाराजांनी स्वतःच्या सुळ्यांनी उघडली आहेत!"

ससे आतच बसून राहिले. कोल्ह्याने भाषण पहिल्यापासून पुन्हा केलं. तेव्हा शेजारच्या बिळातली साळूबाई, म्हणजे साळिंदर, कंटाळून उठली आणि तिने अंग झटकलं. तिचे काटे घंटेसारखे खुळखुळले. त्याबरोबर चाळीसही ससे रांगेने बाहेर आले आणि प्रत्येकाने कोल्ह्यापुढे डावा कान ताठ उभा केला.

"हे काय?" कोल्ह्याने विचारलं.

"घ्या रक्त," सर्वांत म्हातारी सशीण म्हणाली. तिच्या कानात बावीस हा आकडा गोंदलेला होता आणि तेच तिचं नाव होतं. "घंटा झाली की डावा कान द्यायचा. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

कोल्ह्याला गहिवरून आलं. का, ते सांगतो. त्या राज्यात मतदान कान उभा करूनच होत असे. हरणांचे कान कधी इकडे, कधी तिकडे. साळूबाईचा कान तर काट्यांत दिसायचाही नाही, म्हणून तिचं मत कधी मोजलंच गेलं नव्हतं. आणि इथे एका आवाजात चाळीस कान! तेही पांढरे, लांबून दिसणारे.

त्याच दुपारी कोल्ह्याने एक घंटा मागवली.

पहिल्या सभेत महाराजांच्या वाढदिवशी सर्वांनी आनंदी असावं, असा ठराव आला. घंटा वाजली, चाळीस कान वर, ठराव मंजूर. दुसऱ्या सभेत पाणवठ्याचा चिखल महाराजांना लोळण्यासाठी राखून ठेवण्यात आला. तिसऱ्या सभेत त्या चिखलाला पवित्र ठरवण्यात आलं. चौथ्या सभेत, चिखलातून बाहेर आलेल्या महाराजांना मळलेलं म्हणणं हा गुन्हा ठरला.

"अहो, तुम्ही प्रत्येक वेळी कान का वर करता?" साळूबाईने विचारलं.

"आम्ही कुठे करतो? तो आपोआप होतो," एकतीस नंबरचा ससा लाजून म्हणाला.

मग 'महाबळ जल योजना' आली. प्रत्येक प्राण्याला शक्तिवर्धक पाण्याचा एकेक द्रोण. वाटप चालू असताना बावीस आजीने द्रोण हुंगला आणि कोल्ह्याला विचारलं, "प्रधानजी, आम्ही कोणत्या गटात? खऱ्या औषधाच्या की साखरपाण्याच्या?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना नुसतं साखरपाणी द्यायचे. कोणाला काय दिलं, ते सांगायचे नाहीत."

"छे छे, आजी! महाराजांच्या राज्यात भेदभाव नाही. सगळ्यांना एकच."

"असं होय," आजी म्हणाली. "म्हणजे सगळ्यांना साखरपाणी."

त्या दिवसापासून आजी सभेत नीट कान देऊन ऐकू लागली. म्हणून पुढच्या सभेची दवंडी तिला बरोबर कळली. ठराव होता 'हिरवळ संरक्षण कायद्या'चा. दुर्वांच्या माळाला सर्वांत मोठा धोका तो खाणाऱ्यांपासून आहे, सबब माळाला कुंपण घालून तो महाराजांच्या देखरेखीखाली द्यावा.

"आपला माळ जाणार," आजी सशांना म्हणाली. "आणि आपणच कान वर करून तो देणार."

मग शिकवणी सुरू झाली. साळूबाई काटे खुळखुळवायची आणि सशांनी डावा कान पुढच्या पायांखाली दाबून धरायचा. पहिल्या दिवशी एकालाही जमलं नाही. तिसऱ्या दिवशी नऊ जणांना जमलं. एकतीस नंबरचा कान त्याच्या पायासकट वर जायचा. आजी कोणावर रागावली नाही. "पुन्हा," एवढंच म्हणायची. बाराव्या दिवशी साळूबाई काटे खुळखुळवून दमली, पण एकाचाही कान हलला नाही.

सभेला सगळं जंगल जमलं. महाराज चिखलातून उठून आले. कोल्हा गरजला, "हिरवळ वाचली तर देश वाचेल! बाजूने असतील त्यांनी कान वर करा!" आणि त्याने घंटा वाजवली.

एकही कान वर झाला नाही. हरणं सशांकडे बघत राहिली, म्हणून त्यांचेही झाले नाहीत. कोल्ह्याने घंटा पुन्हा वाजवली. ससे डोळे घट्ट मिटून कान दाबून बसलेले. एकतीस नंबर थरथरत होता, पण टिकला. महाराज घुरघुरले. त्यांच्या राज्यात असं कधी झालं नव्हतं.

कोल्ह्याने घंटा खाली ठेवली आणि घसा साफ केला.

"विरोधात असतील त्यांनी कान वर करा."

ससे आणखी जोर लावून कान दाबून बसले. तेवढंच तर ते शिकले होते. आजीच्या लक्षात आलं. तिने घाईघाईने पाय उचलला, पण बारा दिवस दाबलेल्या कानाला मुंग्या आल्या होत्या. तो उठेना.

"मी विरोधात!" साळूबाई ओरडली.

"बाई, तुमचा कान दिसत नाही," कोल्हा अदबीने म्हणाला. "विरोधात एकही नाही. ठराव बिनविरोध मंजूर!"

संध्याकाळपर्यंत कुंपण उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ससे कुंपणाबाहेर एका रांगेत बसले होते. आतून महाराजांच्या दुर्वा चावण्याचा आवाज येत होता.

"साळूबाई," आजीने विचारलं, "आमच्याकडे सुई टोचली की दुसऱ्या दिवशी कोणीतरी वही घेऊन यायचं. खाल्लं का, केस गळले का, जीव आहे का, एवढं तरी बघून जायचं. इथले कधी येतात?"

"येतात ना," साळूबाई म्हणाली. "पाच वर्षांनी. घंटा घेऊन."